नाकवाले मिस्त्री

गॅसच्या पाइपांचं काम करणाऱ्या त्या मिस्त्रींना सगळी वस्ती ‘नाकवाले मिस्त्री’ म्हणायची, आणि गेले तीन महिने त्यांच्या नाकाला कसलाही वास येत नव्हता. ही गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली नव्हती. बरोबर काम करणाऱ्या मेव्हण्याला सांगितली नव्हती. दाढी करताना आरशात बघून स्वतःलासुद्धा कधी सरळ शब्दांत सांगितली नव्हती.

नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. एका चार मजली इमारतीत गॅस कंपनीची माणसं दोन दिवस गळती शोधत होती. मिस्त्रींना बोलावलं, तसे ते सावकाश जिना चढले, तिसऱ्या मजल्यावरच्या एका दाराशी थांबले आणि म्हणाले, "इथे." गळती तिथेच निघाली. त्यानंतर लोक त्यांना बोलवायचे ते पाना-पकडीसाठी कमी आणि नाकासाठी जास्त.

नाकासारखंच त्यांचं तोंडही प्रसिद्ध होतं. हात कामात असले की त्यांची मतं सुटायची. व्हिडिओ बघून घरच्या घरी नळ्या जोडणाऱ्यांविषयी ते म्हणायचे, "माझा त्यांच्यावर अजिबात राग नाही. माझं निम्मं काम तेच देतात." फोनवरून कारागिराला तारे द्यायची पद्धत आली तेव्हा एका गिऱ्हाइकाने मोठ्या कौतुकाने पाच तारे दिल्याचं सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "तारे घेऊन मी काय करू? सांधा कसा बसलाय ते मला दहा वर्षांनी सांगा." विजेच्या शेगड्या त्यांना बघवत नसत. "ज्योत दिसत नाही, आवाज नाही, वास नाही. बिघडली तरी माणसाला कळायचं कसं?" आणि सकाळी घरी भांडून आलेल्या माणसाने गॅसच्या कामाला हात लावू नये, असा त्यांचा नियम होता. "तो नट पिळत नाही, भांडण पिळतो. आटे जातात."

मेव्हणा वीस वर्षं त्यांच्याबरोबर होता. बायकोचा धाकटा भाऊ, पन्नाशीचा, मितभाषी माणूस. मिस्त्री बोलत आणि तो ऐके, अशी कामाची वाटणीच झाली होती. त्याने वर्षभरापूर्वी स्वतःहून एक गळती शोधायचं यंत्र आणलं. मुठीएवढं, पुढे वाकडी लवचीक मान, आणि गॅस लागला की चिवचिवायचं. मिस्त्रींनी त्याला नाव ठेवलं चिमणी. "अत्तर लावलेला माणूस शेजारून गेला तरी हिला गॅस वाटतो. राहू दे पिशवीत." यंत्र पिशवीत राहिलं.

मग हिवाळ्यात मिस्त्रींना ताप आला. आठ दिवस अंथरुणात काढले. नवव्या दिवशी बरं वाटलं, उठून त्यांनी दात घासले, तर पेस्ट म्हणजे नुसता थंड चिखल. चहा म्हणजे गरम पाणी, साखरेचीही चव नाही. साबण हुंगला, कांदा कापून नाकाशी धरला, शेवटी गॅलरीत जाऊन रॉकेलच्या डब्याचं झाकण उघडलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण वास आला नाही. चार दिवसांत येईल परत, असं म्हणून ते कामावर गेले.

चार दिवसांचे तीन महिने झाले. मिस्त्रींनी यातून मार्ग काढला होता. प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडे येतात का बघायचं, हे काम ते पूर्वी मेव्हण्यावर सोडत. आता स्वतः करू लागले. दारात शिरल्यावर भुवया आकसून विचारायचे, "तुम्हाला वास कुठे जास्त येतो?" गिऱ्हाईक हात दाखवायचं आणि मिस्त्री मान हलवायचे, जणू आपल्याला ते आधीच कळलं होतं, नुसती खात्री करून घेत होतो. गळत्या सापडत होत्या. कुणाला काही कळलं नव्हतं. फक्त मिस्त्रींची झोप उडाली होती, आणि काम करताना त्यांचं बोलणं कमी झालं होतं. मेव्हण्याला वाटलं, वय झालं.

त्या दिवशी दुपारी मास्तरीणबाईंचा फोन आला. बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या, तळमजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिथली सगळी पाइपाची जोडणी मिस्त्रींचीच होती. त्या दारातच उभ्या होत्या.

"मिस्त्री, तीन-चार दिवस झाले, सकाळी उठलं की वास येतो," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांपूर्वी हे कपाट बसवलंय. सुतार म्हणतो, प्लायवूडच्या गोंदाचा वास आहे, महिनाभर राहतो. मला ते पटत नाही, पण माझ्या वयात खात्री कशाची द्यायची? म्हटलं तुम्हालाच विचारावं. तुम्ही सांगाल ते खरं."

ओट्यावर, बेसिनच्या वर, भिंतभर लाकडी कपाट बसवलं होतं. पूर्वी तिथे उघडी भिंत होती आणि भिंतीवरून गॅसचा पाइप जात होता. आता पाइप कपाटाच्या मागे गेला होता.

मिस्त्रींनी शेगडी तपासली, नळी तपासली, कॉकला फेस लावला. ओट्याखाली आडवं होऊन दिसतील तेवढ्या सांध्यांना फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही. ते उठले आणि कपाटाकडे बघत उभे राहिले. कपाट काढायचं तर आतली सगळी भांडी उतरवायला हवीत, सोळा-सतरा स्क्रू काढायला हवेत. चार महिन्यांपूर्वी हा प्रश्नच आला नसता. कपाटाचं दार उघडून एक श्वास घेतला असता, की गोंद आणि गॅस वेगळे झाले असते.

तेवढ्यात मागे चिवचिव झाली. मेव्हण्याने न विचारता यंत्र बाहेर काढलं होतं आणि त्याची मान कपाटाच्या वरच्या खणात घातली होती. यंत्र थांबून थांबून वाजत होतं.

"गोंदाला वाजतंय," मिस्त्री म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना कळलं की आपण हे फार पटकन बोललो.

"वरती जास्त वाजतंय, दाजी," मेव्हणा म्हणाला.

"अरे, दार बंद असतं दिवसभर. वास साठतो आणि वर चढतो. ताजं प्लायवूड आहे. ठेव ते."

बाई मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत होत्या. "यंत्राचं राहू द्या. तुम्हाला गॅसचा वास येतोय का?"

मिस्त्रींनी उघड्या कपाटात तोंड घातलं आणि छाती भरून श्वास घेतला. आत गेली ती नुसती हवा. मागे मेव्हणा उभा होता, बाजूला बाई. खरं बोलायला तेवढा एक क्षण होता.

"नाही येत," ते म्हणाले.

"झालं तर मग," बाई म्हणाल्या आणि मोकळ्या झाल्या. मिस्त्री निघताना म्हणाले, "खिडकी उघडी ठेवत जा. जाईल वास." मेव्हण्याने यंत्र पिशवीत टाकलं आणि पिशवीची चेन जरा जोरात ओढली.

तिथून ते एका हॉटेलात गेले. मोठी शेगडी हलवून दुसऱ्या भिंतीला लावायची होती. मिस्त्रींचं लक्ष नव्हतं. एकच नट त्यांनी दोनदा पिळून दोनदा सोडवला. हॉटेलवाल्याने विचारलं, "आज गप्प का?" ते म्हणाले, "दाढ दुखतेय." काम उरकलं, पण सांध्यांना गुंडाळायची टेप संपली होती, म्हणून दोघे व्हॅन घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेले.

दुकानदार आत टेप शोधत होता. मिस्त्री दाराशी उभे होते. मेव्हणा दुकानाच्या कोपऱ्यात गेला. तिथे प्लायवूडच्या फळ्या उभ्या होत्या आणि खाली एका माणसाने नुकतेच दोन तुकडे गोंद लावून शिकंज्यात दाबून ठेवले होते. शेजारी गोंदाचा उघडा डबा. मेव्हण्याने पिशवीतून यंत्र काढलं, चालू केलं आणि त्याची मान सरळ डब्यावर धरली. यंत्र गप्प. त्याने ते ओल्या सांध्यावरून फिरवलं, फळ्यांच्या फटीत घातलं. यंत्र गप्पच. शेवटी त्याने खिशातला लायटर काढला, ज्योत न पेटवता नुसती कळ दाबून गॅस सोडला. यंत्र कोकलत सुटलं.

तो मिस्त्रींकडे वळला. "दाजी, गोंदाला ही वाजत नाही."

मिस्त्रींनी वर बघितलं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. चार वाजता बाईंकडे शिकवणीची मुलं येतात, हे त्यांना ठाऊक होतं. पाच-सहा मुलं, पुढच्या खोलीत.

"चल," ते म्हणाले. टेप तशीच राहिली.

व्हॅन मेव्हणा चालवत होता. दुसऱ्या चौकात रस्ता खणून ठेवला होता आणि एकेक गाडी सोडत होते. मेव्हण्याने फोन काढला. "बाईंना सांगतो, मुलांना घेऊन बाहेर थांबा म्हणून."

मिस्त्रींनी त्याचा हात धरला. "फोन करू नकोस. त्यांचा फोन स्वयंपाकघरात आहे, भिंतीवर. जुना, घंटीवाला. घंटी वाजताना आत ठिणगी पडते. गॅस साठला असेल तर..." त्यांनी पुढच्या रांगेकडे बघितलं. "कंपनीच्या तातडीच्या नंबरला कर. पत्ता सांग."

मेव्हण्याने फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, गाडीला अर्धा तास लागेल. पुढची रांग दोन गाड्यांनी सरकली आणि थांबली. मिस्त्रींनी गुडघ्यांवर तळवे घासले.

"मला वास येत नाही," ते समोर बघत म्हणाले.

"काय?"

"तापानंतर गेला. कसलाच येत नाही. तीन महिने झाले."

मेव्हण्याने फोन मांडीवर ठेवला. वीस वर्षांत त्याने दाजींपुढे आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. "तीन महिने तुम्ही 'ठीक आहे' म्हणालात की मी पिशवी भरायचो," तो म्हणाला. "किती घरं झाली? मी लोकांच्या तोंडावर सांगत आलोय, आमच्या दाजींनी बघितलंय म्हणून. मला सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटली."

"आणि त्या बाईंनी तोंडावर विचारलं तेव्हा?"

 गाड्या सोडणाऱ्या माणसाने हात केला आणि रस्ता मोकळा झाला.

ते पोचले तेव्हा चार वाजून सात मिनिटं झाली होती. दाराबाहेर लहान चपलांचे पाच जोड होते. मिस्त्री घरात न शिरता आधी जिन्याखाली गेले. गॅसचा मुख्य कॉक तिथे एका लोखंडी पेटीत होता. पेटीचं दार गंजून घट्ट बसलेलं. त्यांनी पाना फटीत घातला, पण लोखंडावर लोखंड घासायची भीती वाटली, म्हणून तो पुन्हा काढला आणि बोटांनीच दार ओढलं. नखातून रक्त आलं. तिसऱ्या हिसक्याला दार सुटलं. त्यांनी कॉक बंद केला. येणारा गॅस थांबला होता. आत साठलेला तसाच होता.

मेव्हण्याचा हात सवयीने बेलच्या बटणाकडे गेला होता. मिस्त्रींनी नुसतं "अंहं" म्हटलं. त्याने हात मागे घेतला आणि दारावर थाप मारली.

दार एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीने उघडलं. आत चटईवर चार मुलं, पुढ्यात वह्या, डोक्यावर फिरणारा पंखा. बाई खुर्चीत होत्या. त्या काही विचारणार तोच मिस्त्री हळू आवाजात म्हणाले, "बाई, सगळ्यांना घेऊन बाहेर चला. पळायचं नाही. वह्या राहू द्या. स्वयंपाकघरात आता काही लावलंय?"

"नाही. चहा करणार होते, पण डोकं दुखत होतं म्हणून बसले." बाईंचा चेहरा उतरला होता. पण पुढे एक शब्द न विचारता त्या उठल्या. "चला रे, रांगेत."

मुलं उठली. चार बाहेर पडली. दार उघडलं होतं ती मुलगी शेवटी होती. ती उंबऱ्याशी थांबली, मागे वळली आणि टाचा उंचावून तिने पंख्याच्या बटणाकडे हात नेला. खोलीतून शेवटी बाहेर पडेल त्याने पंखा बंद करायचा, हा बाईंचाच दंडक होता.

मिस्त्री तिच्यापासून चार हातांवर होते. ओरडलं तर ती दचकेल आणि बोट दाबलं जाईल, एवढंच त्यांना सुचलं. ते म्हणाले, "बाळा, पंखा राहू दे. मला उकडतंय."

मुलीने त्यांच्याकडे बघितलं, हात खाली घेतला आणि बाहेर गेली. मिस्त्रींनी भिंतीला हात टेकवला. 

मेव्हणा वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला खाली घेऊन आला. मग त्याने आणि मिस्त्रींनी खिडक्या उघडल्या आणि तेही बाहेर येऊन कंपनीच्या गाडीची वाट बघत उभे राहिले. मुलं कुंपणापाशी कुजबुजत होती. बाई एकदा मुलांकडे आणि एकदा मिस्त्रींच्या रक्ताळलेल्या बोटांकडे बघत होत्या.

गाडी आली. अधिकारी आपलं यंत्र घेऊन आत गेला आणि मिनिटभरात बाहेर आला. चेहऱ्यावरून कळत होतं. घर तासभर मोकळं ठेवून मग त्यांनी कपाट उतरवलं. सुताराचा एक लांब स्क्रू थेट पाइपात गेला होता. पहिले दिवस त्या स्क्रूनेच भोक बुजवून ठेवलं होतं. कपाट भांड्यांनी भरलं, जड झालं, रोजच्या उघडझाकीने स्क्रू हलला आणि गॅस भिंत आणि कपाट यांच्यामधल्या पोकळीत साठत गेला.

"आज दुपारी कुणी येऊन बघून गेलं म्हणतात," अधिकारी म्हणाला. "कोण होतं?"

मेव्हणा जमिनीकडे बघत राहिला. मिस्त्री पुढे झाले. "मीच. पाइपही मीच टाकलेला. मला तीन महिने वास येत नाही. ते मी कुणाला सांगितलेलं नाही."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. बाई कपाळाला आठी घालून ऐकत होत्या. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे मी विचारलं तेव्हा 'नाही येत' म्हणालात, ते खरंच होतं."

"हो, बाई."

"उत्तर बरोबर होतं, मिस्त्री. म्हणूनच ते जास्त वाईट आहे." त्या मुलांकडे वळल्या आणि एकेकाला आपापल्या घरी पोचवायला निघाल्या. जाताना त्यांनी मागे बघितलं नाही.

संध्याकाळी मिस्त्री घरी आले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले. बायको भाजी निवडत होती. त्यांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तापाचं, रॉकेलच्या डब्याचं, बाईंचं, त्या मुलीच्या हाताचं.  सांगून संपल्यावर ती म्हणाली, "तीन महिने तुम्ही ताटातलं मुकाट्याने गिळताय. मीठ कमी नाही की जास्त नाही. मला वाटलं, आता माझ्या हातचं तुम्हाला नकोसं झालंय. मी दोनदा मुद्दाम मीठ घातलंच नाही. तरी काही बोलला नाहीत." तिने भाजी बाजूला सारली. "मला काय काय वाटून गेलं, तुम्हाला कल्पना आहे का?"

मिस्त्रींना दुपारी रडू आलं नव्हतं. ते आता आलं.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, परत येईलही, येणारही नाही, वाट बघायची. कंपनीने त्यांचा परवाना चौकशी होईपर्यंत थांबवला. मिस्त्रींनी मेव्हण्याबरोबर बसून तीन महिन्यांत केलेल्या कामांची यादी केली. अठ्ठेचाळीस घरं निघाली. मेव्हण्याकडे स्वतःचा परवाना होता. तो यंत्र घेऊन प्रत्येक घरी गेला आणि प्रत्येक दारात मिस्त्री त्याच्या आधी आत शिरून सांगू लागले, "मी तुमचं काम केलं तेव्हा मला वास येत नव्हता. पुन्हा तपासायचंय."

कुणी चहा दिला. कुणी दारातूनच म्हणालं, तुम्ही नको, त्यांना एकट्यांना येऊ द्या. एका घरातल्या बाप्याने तान्हं मूल कडेवर घेऊन त्यांना पंधरा मिनिटं फैलावर घेतलं, आणि मिस्त्री मान खाली घालून उभे राहिले. सत्तेचाळीस घरं ठीक निघाली. एकतिसाव्या घरात शेगडीमागच्या सांध्यापाशी यंत्र अगदी बारीक वाजलं. मेव्हणा फेस लावू लागला तेव्हा मिस्त्रींनी त्याच्या हातातला ब्रश घेतला आणि स्वतः लावला. बऱ्याच वेळाने एक बुडबुडा फुगला. सांधा त्यांच्याच हातचा होता. फेस त्यांनी तेव्हाही लावला होता, पण तो बुडबुडा यायला जितकं थांबावं लागतं तितकं ते थांबले नव्हते.

चौकशी दोन महिन्यांनी संपली. परवाना परत मिळाला, मात्र गळती तपासून सही करायची ती मेव्हण्याने, अशा अटीवर. गाडीवरची पाटी मेव्हण्याच्या नावाने झाली. मिस्त्री पाइप कापतात, आटे पाडतात, नट पिळतात. हात अजून पक्के आहेत. मतंही हळूहळू परत आली. हल्ली ते सांगतात, "यंत्राला लाज नसते, म्हणून ते बरं. गॅस नसला की गप्प बसतं, असला की ओरडतं. मी दोन्ही वेळा गप्प बसलो." मग थोडं थांबून म्हणतात, "तरी बॅटरी बघत जा त्याची. तिचा भरवसा नाही."

मास्तरीणबाईंनी त्यांना पुन्हा कामाला बोलावलं नाही. नवा पाइप दुसऱ्याच कुणाकडून टाकून घेतला. बाजारात कधी समोरासमोर आले तर त्या मान हलवून पुढे जातात. मिस्त्रीही तेवढीच मान हलवतात आणि वाट सोडून बाजूला उभे राहतात.